आधी धड, मग उंच

चाकोरी

पावसाळा आटोपला की रत्नागिरीतल्या गॅरेजांसमोर जुन्या पिकअप उभ्या राहू लागतात. कुणाची बोलेरो कॅम्पर, कुणाची टाटा 207, एखाद्याची झेनॉन. मोहोर यायच्या सुमाराला पाण्याची टाकी आणि पंप घेऊन सड्यावर चढायचं, मार्चपासून क्रेट भरून खाली उतरायचं, त्यामुळे बागायतदाराच्या गाडीचे नोव्हेंबर ते मे हे महिने बरेचसे डांबर सोडूनच जातात. म्हणून या दिवसांत मिस्त्रीला एक प्रश्न हमखास येतो: 'गाडी जरा उंच करून देशील काय?' आणि विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये चिखल उडवत जाणाऱ्या एखाद्या गाडीचा व्हिडिओ असतो.

व्हिडिओ बहुतेक वेळा गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजचा. मलेशियात 1997 मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेची ही भारतीय आवृत्ती 2014 पासून भर पावसात होते. बघायला झकास. पण तिथल्या गाड्या अडकायच्या आणि उलटायच्या तयारीनेच उतरतात, मदतीला माणसं हजर असतात आणि संध्याकाळी कुणाला वाशीच्या बाजारात माल पोचवायचा नसतो. आपली पिकअप एकटी जाते, ओझं घेऊन जाते आणि तिला त्याच दिवशी घरी परतायचं असतं. दोघींची गरज वेगळी, तर खर्चाची यादीही वेगळीच हवी. माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीला आडवाटेजोगी करायची तर आधी झिजलेलं बदला, मग जमिनीला टेकणारं बदला. दिसणाऱ्या गोष्टींचा नंबर सगळ्यांत शेवटी.

झिजलेलं म्हणजे काय ते गाडीखाली झोपल्याशिवाय कळत नाही. पंधराएक वर्षं चाललेल्या कॅम्परखाली मिस्त्री पहार घेऊन सरकतो, मागच्या पाट्याच्या शॅकलमध्ये तिचं टोक अडकवतो आणि दाबतो. बुशचं काळं रबर भुसा होऊन त्याच्या छातीवर पडतं आणि पाट्याचा डोळा बोटभर बाजूला सरकतो. वळणावर गाडीची शेपटी का हलते, याचं उत्तर तिथेच मिळतं. 'काका, हिला उंच नको, आधी घट्ट करू,' असं सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका. पाट्यांचे बुश, यू बोल्ट, सेंटर बोल्ट, चारही शॉकअप, टाय रॉडचे एंड, शाफ्टचे क्रॉस, इंजिनाची फाउंडेशन, ही कामं कुणाला दाखवून मिरवता येत नाहीत. पण ती झाल्यावर गाडी कंपनीतून आली तेव्हा जिथे चढत होती तिथे पुन्हा चढू लागते, आणि आपल्या बहुतेक बागांना तेवढं चढणं पुरतं.

कोकणात यात गंजाची भर पडते. जुनी गाडी घेणार असाल तर किती किलोमीटर झाले हे विचारण्याआधी ती काय वाहत होती ते विचारा. मिरकरवाडा बंदरावर फिरलेल्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर ठिबकलेलं असतं. वरून रंग चकचकीत आणि खाली क्रॉस मेंबर पापुद्र्यासारखा, अशी ती गाडी असू शकते. चिऱ्याच्या खाणीवर राबलेल्या गाडीची चासी हँगरजवळ तडकलेली नाही ना, तेही पाहा. आणि चिपळूणच्या जुलै 2021 च्या पुरानंतर डॅशबोर्डाच्या मागे सुकलेला गाळ आहे का, हे तपासणं शहाणपणाचं झालं आहे. चासी कुजलेली असेल तर तिच्यावर एक रुपयाही घालू नये. वरवरचा गंज असेल तर खरवडून, प्राइमर लावून रंगवून घ्या. हे काम स्वस्त आहे, आणि ते टाळल्यास पुढचा सगळा खर्च वाया जातो.

झिजलेलं आटपलं की टायर. इथे बचत करू नये. पण टायर घेताना आपली गाडी खरोखर कुठे किती चालते याचा हिशेब मांडावा. मोठ्या खाचांचं मड टायर चिखलात राजा असतं. पण शेवाळलेल्या ओल्या कातळावर आणि पावसातल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते, शिवाय आवाज आणि डिझेल दोन्ही वाढतात. बागेची वाट दोन-तीन किलोमीटरची आणि बाकी सगळं हातखंबा, पाली, लांजा असं महामार्गावरचं धावणं, तर ऑल टेरेन टायर पुरे. त्याचा लोड इंडेक्स कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नसावा. मोटारीसाठी बनलेलं देखणं टायर पिकअपच्या ओझ्याखाली बाजूने फुगतं आणि जांभ्याची धार नेमकी तिथेच लागते. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही वाचा. 2324 म्हणजे 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. दुकानात चार वर्षं पडून असलेलं 'नवं' टायर कुणी सवलतीत देत असेल तर तिला सवलत समजू नका. रिमोल्ड टायर कातळावर नकोच.

आता उंचीचं गणित. पिकअपच्या मागच्या आखाच्या मधोमध डिफरन्शियलचं हाऊसिंग लोंबतं आणि दगड बहुधा त्यालाच बसतो. पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा पाटा वाढवून चासी उचलली, तरी हाऊसिंग होतं तिथेच राहतं, कारण आख पाट्यांच्या खाली आहे. हाऊसिंगला वर उचलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे टायरचा व्यास. 215/75 आर 15 या टायरचा व्यास साधारण 703 मिलिमीटर, 235/75 आर 15 चा 733. फरक 30 मिलिमीटरचा, त्यातले निम्मे, म्हणजे 15, हाऊसिंगखाली मिळतात. त्याची किंमतही मोजावी लागते. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 62 च्या वर असते, प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी जड होतो आणि जुन्या इंजिनाला चढावर क्लच जास्त घासावा लागतो. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला कंपनीने जो मोठा आकार दिला असेल तिथवरच जा. त्यापुढे नाही.

पाटा वाढवण्याचा सल्ला आपल्याकडे कुणीही देतं. कायम चिरे वाहणाऱ्याला तो कदाचित लागू पडेल. आंबेवाल्याला नाही. पाटे ताठ झाले की रिकामी गाडी खड्ड्यावर उडते, उडालेलं चाक पकड सोडतं आणि चिखलात गरगरतं, म्हणजे ज्यासाठी पैसे घातले त्याच्या नेमकं उलट. भरलेल्या गाडीत तोच धक्का क्रेटमधल्या फळाला बसतो. दबलेला हापूस त्या दिवशी दिसत नाही, पेटी उघडल्यावर दिसतो. उंच केलेल्या गाडीत आणखी दोन गोष्टी बिघडतात: शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात, आणि ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणे ठरवणारा व्हॉल्व्ह आखाला जोडलेला असतो, त्याला गाडी कायम रिकामीच वाटते. शिवाय फवारणीच्या दिवसांचा विचार करा. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन पाणी, आणि टाकी अर्धी झाली की ते वळणावर एका अंगाला धावतं. अशा वेळी गाडी जितकी उंच, तितकी ती कलंडायला सोपी. टाकी हौद्यात पुढे, केबिनला लावून, पट्ट्याने आवळून बांधा. हीदेखील एक सुधारणाच आहे आणि तिला पट्ट्याच्या किमतीपलीकडे खर्च नाही.

सगळ्यांत कमी पैशात सगळ्यांत जास्त काम करणारी वस्तू मात्र कुठल्याच व्हिडिओत नसते. आखाच्या हाऊसिंगवर बोंडाएवढा ब्रीदर असतो. चालून तापलेला आख पऱ्ह्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सील सापडेल तिथून पाणी आत ओढते. महिन्याभराने तेलाचा बोल्ट सोडला की चहासारखं दुधाळ तेल खाली येतं आणि क्राऊन-पिनियनचं भवितव्य कळतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती हौद्याच्या उंचीपर्यंत वर नेली की हा धोका बराचसा टळतो. अर्ध्या तासाचं काम. हवा खेचणारं तोंड बोनेटखाली कुठे आहे तेही एकदा बघून ठेवा. पाणी त्याच्या जवळ येणार असेल तर गाडी घालू नका. आणि पाण्यात इंजिन बंद पडलंच, तर पुन्हा चावी मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

गाडी फोर बाय फोर असेल तर तिची बायको-मुलांसारखी विचारपूस करा. सहा महिने लिव्हर हललाच नाही तर गरजेच्या दिवशी तो हलत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या सरळ वाटेवर जोडून शे-दोनशे मीटर चालवा. सुक्या डांबरावर जोडू नका, पुढचा नि मागचा आख एकमेकांशी झगडतात. साधी फोर बाय टू असेल तरी खचू नका. रिकाम्या गाडीत मागच्या आखावर वाळूची चार पोती बांधली आणि वाटेला लागताना टायरची हवा पंचविसाच्या आसपास आणली, तर टायर लांब पसरतं आणि पुष्कळ चढ निघतात. भरलेल्या गाडीची हवा मात्र अशी उतरवू नका, आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप हौद्यात असावा. विंचच्या किमतीत असे कित्येक पंप येतात.

अडकलेली गाडी काढायला हातानं ओढायचा चेनब्लॉक, फावडं, दोन जाड फळ्या आणि रुंद पट्टा एवढं बस्स. ओढायचं ते चासीला पक्क्या बसलेल्या हुकाला, बंपरला नव्हे. आणि कलमाला उघडी साखळी आवळून गाडी ओढणाऱ्याने आपण कशाची साल सोलतोय ते पाहावं. ते झाड त्या गाडीचे हप्ते फेडतं.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनाजोगे बदल करू देत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढचा लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बेकायदा ठरवला. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग आहे. लिफ्ट, बुलबार आणि रुंद चाकं घेऊन तिथे उभं राहायचं, तर आधी ती काढण्याचा आणि मग पुन्हा लावण्याचा खर्च धरा. अपघात झाल्यावर विमा कंपनी काय विचारील, तेही धरा. आणि शंभर किलो लोखंड अंगावर चढवलं तर वीस किलोचे पाच क्रेट कमी वाहायचे आहेत, हे विसरू नका.

सड्यावर गाडी घेऊन हुंदडणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. मोकळा दिसणारा कातळ रिकामा नसतो. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात कातळशिल्पांची ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि याद्यांबाहेरची शिल्पं कितीतरी आहेत. पडलेली चाकोरी सोडून कातळावर चाक घालू नये. कितीही भारी टायर असलं तरी.

राहता राहिला पैशांचा वाटा. समजा हाताशी 60,000 रुपये आहेत. माझा हिशेब असा: निम्मे टायरला, पाव हिस्सा बुश-शॉकअप-गंज यांना, ब्रीदर, पंप, पट्टा आणि चेनब्लॉकला जेमतेम दहावा, आणि उरलेले हातात ठेवायचे, कारण जुनी गाडी उघडली की आणखी काहीतरी निघतंच. या यादीत लिफ्ट नाही, विंच नाही, टपावरचे दिवे नाहीत.

आणि यादीत नसलेली एक गोष्ट सगळ्यांत आधी करायची आहे. आपली गाडी सगळ्या वाटेवर घासत नाही, दोन-चार ठिकाणीच घासते. वळणावरचा वर आलेला कातळ, पऱ्ह्यातला एक धोंडा, पावसाने उकरलेला एक चर. पहार, घण आणि दोन गडी एका दिवसात ते सारखं करू शकतात. 15 मिलिमीटरसाठी टायर मोठं करण्यापेक्षा धोंडा वीतभर खाली नेणं स्वस्त पडतं. अडचण असते ती वाटेच्या सातबाऱ्याची. सहहिस्सेदार मुंबईत, भावकीत बोलणं बंद, मग धोंडा तसाच राहतो आणि प्रत्येकजण आपापली गाडी उंच करत बसतो. 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी पाणंद रस्ते योजना आहे, तिच्यासाठी ग्रामपंचायतीत जरूर खेटे घाला. पण या हंगामापुरतं वाडीतल्या चार बागायतदारांनी एका रविवारी एकत्र उतरावं. चारही गाड्यांचा खर्च वाचेल. एवढं करूनही गाडी अडली, तर उंचीचं पुढच्या दसऱ्याला बघू. बहुतेकांना तोवर तिची गरज उरलेली नसेल.

— गाडीवान