नाटककार तालमीत घडतो

नाटककाराने एकांतात संहिता लिहावी, ती दिग्दर्शकाच्या स्वाधीन करावी आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन बसावे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. तालमीत एखादे वाक्य बदलले की लेखकाचा अवमान झाल्याची ओरड होते. या समजुतीने लेखकाचा मान राखला जात असेल. त्याची वाढ मात्र खुंटते.

विजय तेंडुलकरांचे उदाहरण पाहावे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले. त्यातील बेणारेबाईंचे अखेरचे स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे लिहिले गेले. लेखकाने आपला एकांत कवटाळला असता, तर मराठी रंगभूमी त्या स्वगताला मुकली असती.

पुढे १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्य या तिन्हींवाचून त्या संहितेची कल्पनाच करवत नाही. या निर्मितीत दिग्दर्शन-साहाय्य करणाऱ्या सतीश आळेकरांनी १९७४ साली कीर्तनाच्या अंगाने जाणारे ‘महानिर्वाण’ लिहिले व स्वतःच बसविले. रंगमंचावर वावरलेल्या माणसाचा कान त्या नाटकाच्या प्रत्येक पानावर जाणवतो.

कोणी म्हणेल, चौघांनी मिळून केलेले नाटक कोणाचेच राहत नाही. हा आक्षेप लटका आहे. सूचना दहाजणांनी कराव्यात. लेखणी लेखकाच्याच हाती राहावी. त्याला न विचारता संवाद छाटणे हा दांडगावा होय, आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु नट एका वाक्याशी पुनःपुन्हा अडखळतो, तेव्हा दोष नटाच्या जिभेत की वाक्याच्या रचनेत, हे समजण्यास लेखकाने तेथे हजर असावेच लागते.

आणि आपली हौशी मंडळे काय करतात? गाजलेली छापील नाटके वर्षानुवर्षे उभी करतात आणि मग नवे लेखक निपजत नाहीत म्हणून हळहळतात! गावातील लिहित्या तरुणाला पहिल्या वाचनापासून तालमीत बसवा. त्याचे कच्चे प्रवेश उभे करून पाहा, फसले तर पुन्हा लिहून घ्या. त्याचा पहिला प्रयोग कदाचित पडेल. पण ज्या मंडळाला एक पडलेला प्रयोग सोसवत नाही, त्याने नाटककाराची अपेक्षा करू नये.