भयनादाची बाजू

दिवाळीच्या फराळाबरोबर भूतकथा वाचायची आपल्याकडे जुनी रीत आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी ह्यांच्या गूढकथा चकलीच्या तुकड्यागणिक वाचल्या जातात, आणि आजीसुद्धा 'मग पुढे काय झाले?' म्हणून विचारते. परंतु तीच भीती चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातून, तीही विजेच्या वाद्यातून, घुमत आली की सभ्य गृहस्थांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'हे कसले संगीत? ही तर यंत्राची घरघर!' ह्या आठ्यांशी माझे भांडण आहे.

भांडणाला निमित्तही घडले. आमच्या बाजूच्या एका शाळेत स्नेहसंमेलनातल्या नाटिकेसाठी नववीच्या चार मुलांनी कीबोर्डवर एक धून रचली. धून कसली! खर्जातला एकच स्वर, हळूहळू फुगणारा, आणि त्यावर एकमेकांशी न पटणारे दोन सूर. तालमीला बसलेल्या सहावीच्या मुली एकमेकींना बिलगल्या आणि 'पुन्हा वाजवा' म्हणाल्या. काही पालकांनी तक्रार केली, 'मुलांच्या मनावर परिणाम होतो', आणि धून काढली गेली. तिच्या जागी सिनेमातले एक नाचाचे गाणे आले, ज्याच्या शब्दांचा अर्थ मी वर्गात सांगू शकणार नाही. त्याने मनावर परिणाम होत नसावा!

आधी यंत्राचा आक्षेप घेऊ. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातल्या पुंगीवर अजूनही वरातीत लोक दातांत रुमाल धरून डोलतात. ती पुंगी पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजी वीरजी शहा ह्यांनी क्लॅव्हिओलीन नावाचे विजेचे वाद्य वाजवले होते. सत्तर वर्षांत एकाही नागाने तक्रार केलेली नाही. आणि कल्याण-डोंबिवलीत पहाटे रियाजाला बसणाऱ्या किती घरांत आज खरा तंबोरा आहे? विजेची पेटी लावून षड्ज धरायचा आणि यंत्राला नावे ठेवायची, हा न्याय कुठला? अमेरिकेतही हेच झाले. १९५६ साली 'फॉरबिडन प्लॅनेट' ह्या चित्रपटासाठी लुई आणि बेबे बॅरन ह्या दांपत्याने स्वतः जोडलेल्या विजेच्या मंडलांतून, कधी ती जळून जाईपर्यंत, सारे नाद काढले. पण श्रेयनामावलीत 'संगीत' हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही. 'विद्युत्-स्वर' अशा अर्थाचे काहीतरी लिहून त्यांची बोळवण झाली.

आता भीतीविषयी. घुबड घुमले, कोल्हे ओरडले, तर कोण ते कान सांगतो. सनईमागे श्वास असतो, सारंगीमागे हात. ह्या नादामागे कुणीच दिसत नाही. कान दार शोधत राहतो, दार सापडत नाही, आणि त्या शोधातच त्याची गोडी आहे. पारसिकच्या बोगद्यातून वर्षानुवर्षे जलद लोकलने गेलेल्या ठाणे-डोंबिवलीकरांना हे समजावून सांगायला नको. गाडी बोगद्यात शिरली की गप्पा तुटत, भजनी मंडळाचे टाळसुद्धा बुडून जात, आणि डब्याच्या पोटातून येणारा एकसुरी हुंकार छातीत भरे. त्यात भय होते, आणि कुणाला सांगता न येणारे सुखही होते.

आमच्या मुलांच्या रात्री पाण्याच्या पंपाच्या, लिफ्टच्या, कोपऱ्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरच्या गुणगुणण्यात जातात. त्यांच्या भीतीला त्यांच्याच रात्रीचा आवाज लागणार. माझ्या आजोळच्या रातकिड्यांचा कसा चालेल? दिवसभर त्यांना 'पहिला नंबर आण, हसत राहा' एवढेच ऐकवले जाते. धास्ती वाटते हे मान्य करणारा कुणी चार मिनिटे भेटला, तर ती कान तिकडेच लावणार.

सगळाच भयनाद चांगला, असे मात्र मी म्हणत नाही. जॉन कार्पेंटरचा १९७८ चा 'हॅलोविन' संगीत चढवण्यापूर्वी पाहिलेल्या एका बाईंना मुळीच भीती वाटली नव्हती. मग त्याने स्वतःच पाच मात्रांचे, लंगडत धावणारे आवर्तन रचले, आणि तोच चित्रपट अंगावर येऊ लागला. ह्याला मी कसब म्हणतो. उलट दार उघडले की 'ढण्', मांजराने उडी मारली की 'ढण्', हा मागून येऊन पाठीत घातलेला धपाटा आहे. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत तर सासूने भुवई उचलली तरी तीनदा वीज कडाडते. पण त्याबद्दल त्या पालकांपैकी कुणी शाळेत तक्रार घेऊन आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.