घर झालें, आतां अंगण

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु बांधलेल्या घरासभोंवतीं जी मोकळी जागा उरते तिचें काय करावें, हें कोणतीही म्हण सांगत नाहीं. आमचें सारें आयुष्य पुण्यांतील एका वाड्यांत भाड्याच्या तीन खोल्यांत गेलें. तेथें आमची शेती म्हणजे वृंदावनांतील तुळस. सेवानिवृत्तीनंतर शहराच्या कडेस लहानसें घर झालें आणि वयाच्या ६० व्या वर्षीं आम्हीं प्रथमच हातांत कुदळ धरिली. त्या नव्या विद्यार्थिदशेंतील दोन धडे वाचकांपुढें ठेवितों.

पहिला धडा गाजरगवतानें दिला. हें मूळचें अमेरिका खंडांतलें. १९५५ च्या सुमारास पुण्यांत त्याची नोंद झाली व पुढें तें देशभर पसरलें. त्याचीं नाजूक पांढरीं फुलें पाहून आम्हीं तें कांहीं दिवस तसेंच राहूं दिलें व मग उघड्या हातांनीं उपटावयास लागलों. दोन दिवसांत मनगटांवर खाजरें पुरळ उठलें. कामावरच्या गड्यास आमची कींव आली. तो म्हणाला, “गुरुजी, फूल धरायच्या आत काढायचं असतं, आणि पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे मुळासकट निघतं.” एकेका रोपापासून हजारों बिया पडतात, हें आम्हीं मागाहून वाचलें. आतां हातमोजे घालून त्याच्याच पद्धतीनें काम चालतें.

दुसरा धडा अधिक कठीण. गृहप्रवेशाच्या वर्षीं मृगांत आमच्या मातोश्रींनीं आंब्याचें कलम आणवून भिंतीपासून अवघ्या ५ हातांवर लावविलें. खाटेवर पडल्यापडल्या तें खिडकींतून दिसावें, ही त्यांची इच्छा. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दोन झाडांमधील अंतर २० हात उत्तम, १६ मध्यम व निदान १२ असावें, असें सांगितलें आहे. झाडास झाडापासून इतकें अंतर हवें, तर भिंतीपासून किती, हें उघड आहे. तो श्लोक आम्हांस मुखोद्गत होता. तथापि ८४ वर्षांच्या आईपुढें बोलण्याचें धैर्य झालें नाहीं.

वर्षभरानें थोरल्या मुलानें विषय काढिला. फांद्या छपरावर येतील, आणि शहरी हद्दींत वाढलेलें झाड तोडावयाचें तर १९७५ च्या कायद्यान्वयें स्वतःच्या अंगणांतही परवानगी लागते. हलवावयाचें तर आतांच. अखेर आम्ही आईपाशीं बोललों. त्या क्षणभर गप्प राहिल्या; मग म्हणाल्या, “अरे, मला दिसावं म्हणून का झाड लावतात? खाणाऱ्यांच्या सोयीनं लाव.”

पहिला पाऊस होतांच १० हात पलीकडे ३ फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून त्यांत वरची माती व कुजलेलें शेणखत भरलें. मुळांभोंवतींची माती फुटूं न देतां कलम उचललें, निम्मीं पानें काढिलीं, कलमाचा सांधा जमिनीच्या वर ठेविला आणि काठीचा आधार दिला. बुंध्याशीं पाणी न सांचतां कडेच्या मुळांस पोंचावें असें आळें केलें. तीन आठवडे झाड जसेंच्या तसें. आई रोज विचारीत, “फुटलं का?” आणि आम्ही उत्तर टाळीत असूं. चौथ्या आठवड्यांत शेंड्यास तांबूस पालवी आली. हल्लीं सायंकाळीं त्यांची खुर्ची आम्ही ओसरीवर नेऊन ठेवितों. झाड खिडकीशीं आणण्यापेक्षां खुर्ची झाडाकडे न्यावी, हें वर्षापूर्वीं सुचलें नाहीं!

नव्या घरमालकांस एवढेंच सुचवितों कीं, पहिलें वर्ष मोठें झाड लावूं नये. ऊन कोठें येतें, पाणी कोठें सांचतें, नळ कोठून गेले आहेत, हें पाहावें. मग वाढलेल्या झाडाचा घेर काठीनें जमिनीवर आंखून जागा ठरवावी. आणि घरांतील वडील माणसांशीं जें बोलावयाचें, तें खड्डा खणण्यापूर्वीं बोलावें.