एकाच छताखालचा बॅकअप

दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना ती भडकली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण जळून गेली. ८५८ टेराबाइट माहितीची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. साठवण एवढी प्रचंड की बाहेर प्रत ठेवणे शक्य नव्हते, असे कारण देण्यात आले. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशाची ही गत, तर आपल्या पतसंस्था, नगरपालिका आणि रुग्णालयांनी कशाच्या भरवशावर निर्धास्त राहावे?

कित्येक कार्यालयांत सभासदांच्या ठेवींचा डेटाबेस ‘सी’ ड्राइव्हवर असतो आणि बॅकअप ‘डी’वर. बहुतेक वेळा ते एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. थोडी दक्षता घेणारे बाहेरची हार्ड डिस्क आणतात, पण ती सर्व्हरला बारा महिने जोडूनच ठेवतात. रॅन्समवेअर शिरले तर मूळ माहितीबरोबर तीही कुलूपबंद होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर असा हल्ला झाला, तेव्हा केसपेपरपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली.

म्हणून बॅकअपचे माध्यम निवडताना केवळ किंमत आणि क्षमता पाहणे घातक आहे. ते यंत्रापासून सोडवून दुसरीकडे नेता येते का, हा पहिला प्रश्न हवा. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ पडून राहिल्यास त्यांतील माहिती पुसट होऊ शकते. वर्षानुवर्षांच्या जपणुकीसाठी ही माध्यमे नव्हेत. जुनाट म्हणून हिणवली जाणारी चुंबकीय टेप इथे उजवी ठरते. एलटीओ-९ जातीच्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात आणि कोरड्या, थंड जागी ती दशकानुदशके टिकते. २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे काही जीमेल खाती रिकामी झाली, तेव्हा गूगलने टपाल परत आणले ते टेपवरूनच. टेप यंत्रापासून अलग असल्याने तो दोष तिथवर पोहोचलाच नव्हता.

टेपचे यंत्र महाग आहे, लहान संस्थेला परवडणार नाही, हे मान्य. त्यांनी निदान दोन हार्ड डिस्क आलटून-पालटून वापराव्यात, त्यांवरील माहिती सांकेतिक करावी आणि एक डिस्क कायम दुसऱ्या इमारतीत ठेवावी. एवढ्यालाही पैसे नाहीत, ही सबब ठेवीदारांनी ऐकून घेऊ नये.

माध्यम कितीही चांगले असले तरी त्यावर खरोखर काही लिहिले जाते आहे का, हे तपासावेच लागते. जानेवारी २०१७ च्या अखेरीस सॉफ्टवेअरचे कोड सांभाळणाऱ्या ‘गिटलॅब’ या कंपनीत चुकून मूळ डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी भरवशाची एकही निघाली नाही. योगायोगाने हाताशी असलेल्या सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर निभावले.

संचालक मंडळांनी पुढच्याच सभेत हा विषय घ्यावा. गेल्या महिन्याचा बॅकअप वेगळ्या संगणकावर आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावा आणि तो उघडला नाही, तर तशी नोंद इतिवृत्तात करून दुरुस्तीची तारीख त्याच बैठकीत ठरवावी.