विश्लेषण : यंत्र बिघडले, की आलेखच चुकला?

नाशिक रोडला तपासणी म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस येथे उभी राहिली, तेव्हापासून जेल रोड, देवळाली गाव, दत्तमंदिर परिसरातल्या कित्येक घरांत ‘प्रेसवाला’ माणूस आहे. छापलेला कागद तपासल्याशिवाय बाहेर जात नाही, हे या घरांतल्या मुलांनाही ठाऊक असते. मात्र तयार माल तपासणे आणि माल बनवणाऱ्या यंत्रावर नजर ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम कंट्रोल चार्ट नावाचा आलेख करतो. अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील अनेक लहान कारखान्यांत हा आलेख रोज भरला जातो. तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते त्या कारखान्यातल्या मापांना लागू पडते का, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. ते लागू पडत नसेल तर काय करायचे, याचे उत्तर संख्याशास्त्रात आहे आणि त्यातला काही भाग महाराष्ट्रातच लिहिला गेला आहे.

कंट्रोल चार्ट म्हणजे काय?

१६ मे १९२४ रोजी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या वरिष्ठांना एक पानी टिपण दिले. त्यात एक आकृती होती. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर माप, मध्ये सरासरीची रेघ आणि वर-खाली दोन सीमारेषा. कल्पना साधी होती. कोणत्याही यंत्रातून निघणारे दोन भाग तंतोतंत सारखे नसतात. थोडा चढउतार यंत्राच्या स्वभावातच असतो, त्यासाठी कोणाला धारेवर धरायचे नसते. पण ठिपका सीमेबाहेर गेला तर काहीतरी वेगळे घडले आहे असे समजायचे आणि कारण शोधायचे. टूल झिजले असेल, बारची बॅच बदलली असेल, फिक्श्चर सैल झाले असेल.

शूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. त्यानंतरच्या वर्षांत भारतीय सांख्यिकी संस्थेने हा विषय देशभरातल्या कारखान्यांत नेला. आज वाहन उद्योगाला भाग पुरवणाऱ्यांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ या मानकात संख्याशास्त्रीय नियंत्रण अपेक्षितच असते. त्यामुळे नाशिकच्या मोठ्या वाहन आणि इंजिनभागांच्या कंपन्यांना माल देणारे छोटे युनिटही या आलेखाशिवाय ऑडिटला सामोरे जाऊ शकत नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण सीमारेषांत आहे. त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर काढतात. मापे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे, म्हणजे सरासरीभोवती दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असतील, तर यंत्र ठीक असतानाही ठिपका बाहेर पडण्याची शक्यता १०,००० मध्ये २७ एवढी असते. सरासरी ३७० ठिपक्यांमागे एक खोटी घंटा. दर अर्ध्या तासाला एक ठिपका, म्हणजे आठ तासांच्या पाळीत १६ ठिपके धरले, तर हे प्रमाण सुमारे २३ पाळ्यांमागे एकदा असे येते. एवढे कोणीही सोसेल.

पण कित्येक मापे घंटेसारखी नसतात. शाफ्टचा रनआउट, पिनचा गोलाईदोष, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, सपाटपणातील त्रुटी ही मापे शून्याच्या खाली जाऊच शकत नाहीत. ती शून्याजवळ दाटीवाटीने बसतात आणि उजवीकडे लांब शेपटी सोडतात. कारखान्याबाहेरही हेच दिसते. नदीच्या पाण्याचा गढूळपणा वर्षातले बरेच महिने तळाशी असतो आणि पहिल्या मोठ्या पावसाला उसळी मारतो. रुग्णालयातील प्रतीक्षेचा वेळ, मालट्रक पोहोचायला होणारा उशीर यांचीही तीच तऱ्हा.

हिशेबाला सोपे असे एक टोकाचे उदाहरण घेऊ. एका पिनचा गोलाईदोष सरासरी ४ मायक्रॉन आहे आणि प्रमाण विचलनही ४. वरची सीमा आली १६ मायक्रॉन. खालची सीमा येते उणे ८. गोलाईदोष उणे असूच शकत नाही, तरीही सूत्र तसे सांगते. सॉफ्टवेअर तिथे शून्यावर रेघ मारून मोकळे होते. परिणाम असा, की दोष कमी झाला, यंत्र पूर्वीपेक्षा चांगले चालू लागले, तर त्याची बातमी हा आलेख कधीच देणार नाही. आणि वरच्या बाजूला? मापे घातांकी वितरणाची असतील, तर धडधाकट यंत्राचाही ठिपका १६ मायक्रॉनच्या वर जाण्याची शक्यता १.८ टक्के, म्हणजे सुमारे ५५ ठिपक्यांमागे एकदा. दर २३ पाळ्यांऐवजी दर तीन-चार पाळ्यांना खोटी घंटा.

यावर नेहमीचे उत्तर असते, की एकेक माप न घेता पाच मापांची सरासरी लावा, सरासऱ्या आपोआप घंटेच्या आकाराकडे झुकतात. झुकतात हे खरे, पण पाचांत पुरेशा झुकत नाहीत. याच उदाहरणात पाचांची सरासरी लावली तर खोटी घंटा सुमारे १०७ ठिपक्यांमागे एकदा वाजते. अपेक्षेच्या तिपटीहून जास्त.

खोट्या घंटेने बिघडते काय?

पहिला फटका बसतो ऑपरेटरला. ठिपका बाहेर गेला, की लाइन थांबते, सुपरवायझर येतो आणि ‘काय केलंस?’ हा प्रश्न विचारला जातो. त्याने काहीच केलेले नसते. पण काहीतरी केल्याचे दाखवावे लागते, म्हणून तो ऑफसेट बदलतो. स्थिर चालणाऱ्या यंत्राला दर मापानंतर चुकीएवढे उलट फिरवत राहिले, तर मापांचा फैलाव कमी न होता वाढतो. प्रमाण विचलन सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते, हे गणिताने दाखवता येते. म्हणजे इलाजच रोग होतो.

दुसरा परिणाम हळूहळू होतो आणि जास्त महाग पडतो. महिनाभर खोट्या घंटा ऐकलेला माणूस खरी घंटाही मनावर घेत नाही. मग आलेख ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरला जातो. अशा कारकुनीचा दोष कामगाराच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. चुकीच्या सीमा आखून देणारा त्यातून नामानिराळा राहतो.

शूहार्ट यांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी तीन विचलनांची सीमा घंटेच्या वक्रावर हवाला ठेवून घातलेली नव्हती. खर्च आणि अनुभव यांचा मेळ घालणारी ती व्यवहारी निवड होती. ३७० ठिपक्यांमागे एक हे वचन नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी पक्के केले आणि कारखान्यांनी ते सर्व मापांना सरसकट लागू केले.

पर्याय काय?

पर्यायाचे नाव जड आहे : अप्राचलीय नियंत्रण आलेख. प्राचल म्हणजे वितरणाचा आकार ठरवणारी संख्या. तिच्यावर, म्हणजे आकाराबद्दलच्या गृहीतकावर विसंबत नाही तो अप्राचलीय. नाव बाजूला ठेवले तर कृती नाणेफेकीइतकी सोपी आहे.

वरच्या उदाहरणातल्या पिनांचा मध्यक घ्या. यंत्र ठीक असताना निम्म्या पिना ज्याच्या वर आणि निम्म्या खाली असतात, तो आकडा. सरासरी ४ असली तरी इथे मध्यक सुमारे २.८ मायक्रॉन येतो. आता दर वेळी दहा पिना मोजा आणि प्रत्येकीपुढे फक्त अधिक किंवा उणे चिन्ह लिहा. मध्यकाच्या वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. यंत्र ठीक असेल तर प्रत्येक चिन्ह म्हणजे नाण्याची एक फेक. वितरण घंटेसारखे असो, लांब शेपटीचे असो, की कुबड आलेले असो, मध्यकाच्या वर पडण्याची शक्यता निम्मीच राहते. दहाच्या दहा चिन्हे सारखी आली तरच घंटा वाजवायची, असे ठरवले तर खोट्या घंटेची शक्यता १,०२४ मध्ये २, म्हणजे ५१२ नमुन्यांमागे एकदा. हे वचन मापांचा आकार बदलला तरी मोडत नाही.

आणखी एक फायदा छोट्या कारखान्यात फार मोलाचा आहे. घाईत १२.५ ऐवजी १२५ लिहिले गेले, तर सरासरीचा बोजवारा उडतो. चिन्ह मात्र अधिकच राहते.

ही युक्ती तीनशे वर्षांची आहे. १७१० मध्ये जॉन आर्बथनॉट यांनी लंडनमधील सलग ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या. प्रत्येक वर्षी मुलींपेक्षा मुलगे जास्त होते. नाणे ८२ वेळा एकाच बाजूला पडणे अशक्यप्राय आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. (त्यातून त्यांनी ईश्वरी योजनेचा निष्कर्ष काढला, तो भाग वेगळा.) १९४५ मध्ये फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने पुढची पायरी गाठली. नुसते चिन्ह न पाहता अंतरांना लहान-मोठे असे क्रमांकही द्यायचे, म्हणजे हातची माहिती कमी वाया जाते. १९७९ मध्ये बाकिर आणि रेनॉल्ड्स यांनी हे क्रमांक कारखान्याच्या आलेखात आणले. पुढे चिन्हांचा आलेख आला, आणि २००१ मध्ये सुभब्रत चक्रवर्ती व सहकाऱ्यांनी या साऱ्या कामाचा आढावा घेतला.

महाराष्ट्राचा यात वाटा कोणता?

बराच, आणि तो फारसा ठाऊक नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक, पुढे तिथलेच कुलगुरू झालेले डी. टी. शिर्के यांनी खिलारे यांच्यासह २०१० मध्ये चिन्हांवर आधारित ‘संयुक्त’ आलेख मांडला. त्यात पहिल्या संशयास्पद नमुन्यावर घंटा वाजत नाही. दुसरा संशयास्पद नमुना किती लवकर आला, ते पाहिले जाते. २०१२ मध्ये घुटे आणि शिर्के यांनी एकाच भागाची दोन मापे एकत्र पाहणारा क्रमांकाधारित आलेख दिला. त्याच्या कितीतरी आधी, १९५७ मध्ये बी. व्ही. सुखात्मे यांनी मापांचा फैलाव तपासण्याच्या अप्राचलीय चाचण्या प्रसिद्ध केल्या होत्या, आणि पुणे विद्यापीठात जे. व्ही. देशपांडे यांनी या शाखेत दीर्घकाळ काम केले. कोल्हापूर आणि पुण्याचे हे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत वाचले जातात. अंबडच्या क्वालिटी रूममध्ये ते पोहोचलेले दिसत नाहीत. अंतर दोनशे-चारशे किलोमीटरचेच आहे, पण विद्यापीठ निबंध मोजते आणि कारखाना डिस्पॅच.

मग सगळ्यांनी जुना आलेख टाकून द्यावा का?

नाही. माप खरोखर घंटेसारखे असेल, उदाहरणार्थ चांगल्या सीएनसीवरचा बोअरचा व्यास, तर शूहार्टचा आलेखच सरस. अशा मापांवर चिन्ह चाचणीची कार्यक्षमता सुमारे ६४ टक्के भरते. १०० मापांत जे कळते त्यासाठी तिला १५७ मापे लागतात. विल्कॉक्सनची क्रमांक पद्धत मात्र ९५ टक्क्यांवर राहते, म्हणजे तिथे तोटा नगण्य.

चिन्हांच्या आलेखाला वेळही लागतो. यंत्र एवढे सरकले की ९० टक्के पिना मध्यकाच्या वर जाऊ लागल्या, तर सरासरी तिसऱ्या नमुन्याला घंटा वाजते. ८० टक्केच गेल्या तर नवव्याला. एखादीच पिन भयंकर बिघडली तर हा आलेख तिला पकडणारच नाही, तिच्यासाठी वेगळी तपासणी लागते. फैलाव वाढला आणि मध्यक जागेवर राहिला, तरीही तो गप्प बसतो.

सर्वांत व्यावहारिक अडचण नमुन्याच्या आकाराची आहे. कारखान्यात पाच भागांचा नमुना घेण्याची सवय रुजलेली आहे. पाच नाणी एकाच बाजूला पडण्याची शक्यता १६ मध्ये १ असते, म्हणजे दर पाळीला एक खोटी घंटा. पाचांवर हा आलेख साध्या रूपात चालत नाही. नमुना दहाचा करावा लागतो किंवा मागच्या नमुन्यांची चिन्हे साठवत नेणारे प्रकार वापरावे लागतात. शिवाय मध्यक आधी नीट ठरवायला यंत्र सुरळीत असतानाची भरपूर मापे हवीत, आणि मोजण्याचे साधन पुरेसे बारीक हवे. डायल गेजचा लघुतम अंक मोठा असेल तर अर्धी मापे नेमकी मध्यकावरच पडतात आणि त्यांना चिन्ह कोणते द्यायचे, हा वाद सुरू होतो.

ग्राहक कंपन्यांच्या छापील फॉर्ममध्ये सरासरी आणि पल्ला एवढेच रकाने असतात. पुरवठादाराला दुसरा आलेख ठेवायचा असेल, तर तो जादा काम म्हणून ठेवावा लागतो आणि त्याचे गुण ऑडिटमध्ये मिळत नाहीत. हा रकाना बदलणे मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे. छोट्या युनिटवाल्याने तोपर्यंत करता येईल असे एकच बिनखर्चाचे काम आहे : मागच्या महिन्यातली शंभर-दीडशे मापे रजिस्टरमधून काढायची, एक्सेलमध्ये किंवा आलेखाच्या कागदावर त्यांचे स्तंभ उभे करायचे, आणि ढीग मधोमध आहे की शून्याच्या भिंतीला टेकलेला आहे, ते पाहायचे.