आजोबांचा रेझर का रुसला?



तारोडीहून एका वाचकमित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "काका, आजोबांच्या रेझरची मूठ फिरतच नाही. बाबा म्हणतात, टाकून द्या. आजोबा म्हणतात, पहिल्या पगारातून घेतलाय, टाकणार नाही! कोणाचं खरं?"

माझं मत आजोबांना! रेझर मोडला नसेल, नुसता रुसला असेल.

अमेरिकेतल्या किंग जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली सेफ्टी रेझर विकायला काढले, तेव्हा वर्षभरात खपले अवघे ५१! त्यांची कल्पना सोपी होती. वस्तऱ्याला सारखी धार लावावी लागते. त्यापेक्षा पातळ ब्लेड बदलायचं आणि रेझर तोच ठेवायचा.

ब्लेड लवकर का बिघडतं? पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी केसच धारेचे बारीक टवके उडवतो. हे अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. म्हणून ब्लेड बदलावंच लागतं. रेझर मात्र वर्षानुवर्षं टिकतो. त्याचे शत्रू वेगळे: साबणाचा थर, ओल आणि मीठ.

तारोडी आहे उत्तन-डोंगरीच्या शेजारी, समुद्राजवळ. तिथल्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि खारट पाण्यात धातू लवकर गंजतो. आजोबांच्या रेझरची मूठ फिरवली की वरची दोन झाकणं फुलपाखराच्या पंखांसारखी उघडतात. त्या सांध्यांत साबण आणि गंज साचला, की मूठ अडते.

मग उपाय काय? पण आधी एक अट. ब्लेड मोठ्यांनीच काढायचं. तुम्ही धारेला हात लावायचा नाही, कबूल? मूठ अजिबात फिरत नसेल, तर जोर करू नका. आजोबांना रेझर थोडा वेळ कोमट पाण्यात बुडवून ठेवू द्या आणि मग हळूच फिरवू द्या.

ब्लेड निघालं, की कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सांधे घासा. स्वच्छ पाण्याने धुवा, झटका, पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घाई नको! आत पाणी राहिलं, तर वरून तेल घालून काय उपयोग?

आता आईकडून शिलाई मशीनचं तेल मागून घ्या. काडीच्या टोकाने मुठीच्या फिरत्या भागाला एक थेंब आणि झाकणांच्या बिजागऱ्यांना जरा जरासं लावा. मूठ पाच-सहा वेळा फिरवा आणि जास्तीचं तेल पुसून टाका. तेल धातूंमधलं घर्षण कमी करतं आणि पाण्यालाही आत येऊ देत नाही. गोडेतेल नको हं! स्वयंपाकघरातली तेलाची बरणी बाहेरून कशी चिकट होते, पाहिलंय ना? रेझरचंही तेच होईल.

एवढं महिन्यातून एकदा पुरे. रोज मात्र दाढी झाल्यावर रेझर धुऊन, झटकून कोरड्या जागी ठेवायचा. न्हाणीघरात नको.

करून पाहा : तीन लोखंडी खिळे घ्या. एक कोरडा ठेवा. दुसऱ्यावर रोज मिठाचं पाणी शिंपडा. तिसऱ्याला तेल चोळा आणि त्यावरही तेच पाणी शिंपडा. आठवड्याने कोणता जास्त गंजला ते वहीत लिहा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनं ब्लेड कुठे जातं? कागदात गुंडाळून कचऱ्यात? मग ते सापडतं कचरा वेचणाऱ्या मावशींच्या बोटांना! पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला मोठ्यांकडून एक फट पाडून घ्या आणि झाकण चिकटपट्टीने पक्कं करा. वर ठळक लिहा, 'जुनी ब्लेडं'. भरला, की कचरा नेणाऱ्यांच्या हाती सांगून द्या.

रेझरच्या नावातच 'सेफ्टी' आहे. ती फक्त आजोबांच्या गालापुरती कशाला?

खिळ्यांचं काय झालं, ते कळवा. वाट पाहतोय!

तुमचा,
काका