राष्ट्रपतीचे कूळ आणि पाचवी अनुसूची

राष्ट्रपतीपदाच्या उमेदवाराला राज्यघटनेच्या ५८ व्या अनुच्छेदाने मोजक्याच अटी घातल्या आहेत. तो भारताचा नागरिक असावा, त्याच्या वयाची ३५ वर्षे पूर्ण झालेली असावीत, लोकसभेवर निवडून येण्यास तो पात्र असावा आणि शासनाचे लाभाचे पद त्याच्याकडे नसावे. वंश, धर्म व कूळ यांचा तेथे मागमूसही नाही. तरीही निवडणूक आली की घटनेत नसलेली एक अट पुढे येते : उमेदवार 'आपल्यातला' आहे काय, आणि नसेल तर त्याच्या देशनिष्ठेची हमी कोणती?

१९६७ साली डॉ. झाकिर हुसेन यांच्याविरुद्ध विरोधी पक्षांनी माजी सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांना उभे केले. ही राजकीय लढत लोकशाहीला धरूनच होती. परंतु तिच्या आडून हुसेन यांच्या धर्माचीही चर्चा झाली. जामिया मिलियाच्या उभारणीत आयुष्याची उमेदीची वर्षे वेचलेल्या माणसावर ही वेळ यावी, हे लाजिरवाणे होते. पुढे २००२ साली जनसंघाचा वारसा सांगणाऱ्या भारतीय जनता पक्षाच्या आघाडीनेच डॉ. अब्दुल कलाम यांना उमेदवारी दिली आणि त्यांच्या देशभक्तीला क्षेपणास्त्रांचा दाखला जोडला गेला. डाव्या पक्षांच्या उमेदवार, आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना मात्र असा दाखला कोणी मागितला नाही. काहींची निष्ठा गृहीत धरायची आणि काहींची सिद्ध करून मागायची, हाच खरा भेदभाव होय.

२०२२ साली श्रीमती द्रौपदी मुर्मू यांची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा या भेदभावाने कौतुकाचे वस्त्र पांघरले. संथाळ आदिवासी स्त्रीला विरोध म्हणजे आदिवासींना विरोध, असे समीकरण मांडले गेले. महाविकास आघाडीत असलेल्या शिवसेनेनेही आदिवासी शिवसैनिकांच्या आग्रहाचा उल्लेख करून त्यांना पाठिंबा दिला. दुसऱ्या बाजूने त्यांना रबरी शिक्का म्हटले गेले. निवडणुकीनंतर काँग्रेसच्या लोकसभेतील नेत्याने त्यांच्यासाठी 'राष्ट्रपत्नी' हा शब्द वापरला व त्याबद्दल त्याला क्षमा मागावी लागली. कोणी कुळाचा जयजयकार केला, तर कोणी पदावरील व्यक्तीचा उपमर्द केला. पदाच्या अधिकारांविषयी मात्र दोन्ही बाजू जवळजवळ मूक राहिल्या.

ठाणे जिल्ह्याला तरी आदिवासींच्या देशभक्तीचा पुरावा बाहेरून आणण्याचे कारण नाही. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांचे नायक राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. शेजारच्या रायगड जिल्ह्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या गोळीबारात नाग्या महादू कातकरी यांनी प्राण दिले. ज्या जंगलासाठी ते झुंजले, त्याच्यावरील हक्क मात्र त्यांच्या वंशजांना स्वातंत्र्यानंतरही २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत मान्य झाला नाही. आजही त्यासाठी दावे दाखल करावे लागतात. दिवाळीनंतर म्हसा-शहापूर भागातील कातकरी वीटभट्टीची वाट धरतो, त्याचे मूळ या भूमिहीनतेत आहे.

राष्ट्रपतीपदाशी या कातकऱ्याचा संबंध येतो तो येथे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. अनुसूचित क्षेत्र कोणते हे राष्ट्रपती ठरवतात. त्याच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींकडे पाठवायचा असतो. जमीन हस्तांतरावर निर्बंध घालणारे राज्यपालांचे विनियम राष्ट्रपतींच्या संमतीवाचून अंमलात येत नाहीत. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत हे खरे. तथापि सर्वसाधारण विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा १११ व्या अनुच्छेदाने त्यांना दिली आहे. झारखंडच्या राज्यपाल असताना मुर्मू यांनी २०१७ साली छोटा नागपूर व संथाळ परगणा कूळकायद्यांतील दुरुस्त्या परत पाठवल्या होत्या. त्यामागे आदिवासींचे मोठे आंदोलन उभे होते. उलट वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्तीस त्यांनी राष्ट्रपती म्हणून ४ ऑगस्ट २०२३ रोजी संमती दिली. या दुरुस्तीने सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतील, राष्ट्रीय सुरक्षेसाठी आखलेल्या रस्त्यांसारख्या प्रकल्पांना त्या कायद्याच्या बंधनातून मोकळे केले. जंगलात राहणाऱ्यांच्या हक्कांवर देशभक्तीच्या नावाने गदा कशी येऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

या दोन निर्णयांच्या वेळी व्यक्ती तीच होती आणि कूळही तेच होते. पद निराळे होते, त्याच्या मर्यादा निराळ्या होत्या आणि एका वेळी रस्त्यावर लोक होते, हा फरक होता. तात्पर्य, प्रतिनिधित्वाचे महत्त्व निर्विवाद आहे. शतकानुशतके वगळलेल्यांना सर्वोच्च पद मिळणे हा न्यायाचाच भाग आहे. परंतु कुळाचा सन्मान हक्कांची जागा घेऊ शकत नाही.

पौषी पौर्णिमेला म्हसा येथे भरणाऱ्या बैलबाजारात शहाणा शेतकरी शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, बैल चालवून पाहतो. उमेदवाराच्या बाबतीतही हीच कसोटी हवी. पुढील प्रत्येक निवडणुकीत कार्यकर्त्यांनी त्याचा वंश विचारू नये आणि देशभक्तीचे प्रमाणपत्रही मागू नये. पाचव्या अनुसूचीचे तुम्ही काय करणार, हे मात्र अवश्य विचारावे. आणि तोवर पाड्यापाड्यावर ग्रामसभा बसवून वनहक्काचे दावे पुरे करून घ्यावेत.